महादजींचा मोडलेला डाव

मराठीत पानिपत हे आता नुसते गावाचे नाव राहिलेले नाही. परीक्षेत चार विषय गेले की पानिपत झाले, निवडणुकीत अनामत जप्त झाली की पानिपत झाले, असे आपण सहज बोलून जातो. लालसोट हा शब्द मात्र आपल्या तोंडी कधी येत नाही. इतिहासाच्या तासाला लालसोट कोठे आहे, असे मी दर वर्षी विचारतो आणि दर वर्षी वर्गात शांतता पसरते. एकदा मागच्या बाकावरून ते एखाद्या मिठाईचे नाव असावे, असे उत्तर आले होते. उत्तर देणाऱ्याला मी दोष देत नाही. पानिपतावर आपले सारेच बुडाले म्हणून तो शब्द भाषेत राहिला. लालसोटलाही तीच पाळी आली होती. पण बुडायच्या आत एका लंगड्या माणसाने नाव वळवून काठाला लावली. त्या माणसाची, म्हणजे महादजी शिंदे यांची, ही हकीगत आहे. त्यांच्या विजयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या फसलेल्या मोहिमेविषयी लिहावयाचे आहे, कारण माणूस ओळखायचा तर तो डाव मोडल्यावर काय करतो हे पाहावे, असे मला वाटते.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे राणोजी शिंदे हे त्यांचे वडील. राणोजी बाजीरावांच्या पदरी शिलेदारीने वर चढले आणि माळव्यात जहागिरीचे धनी झाले. महादजी हे त्यांचे धाकटे चिरंजीव. आणि त्यांच्या आईचे लग्न रीतसर झालेले नाही, असा आक्षेप भाऊबंद नेहमी घेत असत. वडील भाऊ जयाप्पा १७५५ साली नागोरला दगाफटक्याने मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सख्खा भाऊ तुकोजी गेला आणि जयाप्पांचा मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. सहा वर्षांत एक घर जवळजवळ रिकामे झाले.

पानिपतावरून महादजी निघाले ते एकटे. एका अफगाण स्वाराने त्यांचा दूरवर पाठलाग केला, पायावर घाव घातला, अंगावरचे किडूकमिडूक घेतले आणि मेला समजून टाकून दिले. पखालीतून पाणी वाहणारा राणेखान नावाचा एक भिस्ती त्या वाटेने चालला होता. त्याने त्यांना आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे आणले. पाय जन्मभर अधू राहिला. राणेखानाला महादजींनी भाऊ मानले. पुढे तो राणेखान भाई म्हणून त्यांच्या फौजेचा एक मोठा सरदार झाला. हा भिस्ती आपल्याला या हकीगतीत पुन्हा भेटणार आहे.

घरात वडील माणूस उरले नव्हते, तरी शिंद्यांची दौलत महादजींना लगेच मिळाली नाही. जन्माचा जुना आक्षेप पुढे करून पुण्यात कारस्थाने चालली. शेवटी १७६८ च्या सुमारास थोरल्या माधवरावांनी तो वाद मिटवला आणि सरदारी त्यांच्या हाती आली. पुढची चढती कमान सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाला राहिलेला बादशहा शाह आलम १७७२ च्या जानेवारीत महादजींच्या सोबतीने आपल्या राजधानीत परतला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेला तह करावा लागला, त्यातही महादजींचा वाटा मोठा होता.

पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याची फेड केली. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याला शिड्या लावल्या. पायाचा आवाज होऊ नये म्हणून त्यांना कापूस भरलेले जोडे दिले होते. हिंदुस्थानातला अजिंक्य म्हणून गाजलेला तो गड पहाटेपर्यंत पडला आणि इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याच्या हवाली केला. सहलीच्या निमित्ताने मी तो गड पाहिला आहे. सपाट मुलखातून एकाएकी उठलेला तो लांबच लांब खडक, त्यावरचे मानसिंहाच्या महालाचे निळे रंगकाम आणि खाली पसरलेले शहर पाहताना, इतक्या उभ्या कड्यावरून माणसे आवाज न करता चढली कशी, याचेच मला आश्चर्य वाटत राहिले. आमच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांना पिवळी बदके अधिक आवडली. असो. १७ मे १७८२ चा सालबाईचा तह या ग्वाल्हेरजवळच्याच एका खेड्यात झाला. इंग्रजांशी मराठ्यांचा समेट झाला आणि तो घडवून आणणारे महादजी उत्तरेत मोकळ्या हाताने वावरू लागले. १७८३ साली त्यांनी राण्याकडून ग्वाल्हेर परत घेतले. चार वर्षांनी हाच गड आपल्याला किती उपयोगी पडणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

१७८४ च्या अखेरीस दिल्ली दरबारातील एका वजिराचा खून झाला आणि गोंधळलेल्या बादशहाने फत्तेपूर सिक्रीजवळ महादजींची भेट घेतली. डिसेंबरात वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे आणि त्याचा कारभार महादजींच्या हाती, अशी व्यवस्था झाली. साध्या भाषेत सांगायचे तर बादशहा नावाचा आणि मुखत्यारी शिंद्यांची. १७८५ च्या आत डीग, आग्रा, अलीगड ही ठाणी एकामागून एक हाती आली. बेनॉ द ब्वान्य या सॅव्हॉय प्रांतातल्या युरोपीय सरदाराने त्यांच्यासाठी कवायती पायदळाच्या दोन पलटणी उभ्या केल्या. पानिपतावरून बैलावर पडून आलेला माणूस चोवीस वर्षांनी हिंदुस्थानच्या बादशाहीचा कारभारी झाला होता. इथपर्यंत डाव सुरेख पडत गेला.

मग तो बिघडला कोठे? पाठ्यपुस्तके राजपुतांच्या शौर्याचे आणि मोगल सरदारांच्या फितुरीचे नाव घेऊन मोकळी होतात. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण मला खरे कारण त्याहून नीरस वाटते. ते कारण म्हणजे पैसा. १७८३–८४ साली उत्तर हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला होता. विक्रम संवत १८४० म्हणून लोक त्याला चाळिसा म्हणत. गावेच्या गावे ओस पडली. अशा मुलखाची मुखत्यारी महादजींच्या पदरात पडली होती. बादशहाचा खर्च त्यांनी चालवायचा, त्याच्या जुन्या फौजेचा पगार त्यांनी द्यायचा, आणि वसूल तर येत नाही. म्हणून त्यांनी मोगल सरदारांच्या जहागिरी जप्त करायला सुरुवात केली. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक नव्हती. परंतु ज्यांच्या जहागिरी गेल्या तेच सरदार आणि त्यांच्याच पलटणी घेऊन महादजींना लढायचे होते. पुण्याहूनही पुरेसा पैसा येईना. महादजी फार मोठे झाले तर आपल्याला जड जातील, ही नाना फडणिसांची धास्ती जुनी होती.

म्हणून महादजींची नजर जयपूरकडे वळली. जयपूरच्या राजांकडे बादशाही खंडणीची थकबाकी मोठी होती. १७८६ मध्ये महादजी बादशहाला बरोबर घेऊन गेले, लाखांच्या घरातली रक्कम ठरली, थोडी रोख मिळाली आणि बाकीचे वायदे मिळाले. राजा सवाई प्रतापसिंह वयाने तरुण होता. त्याने वायदे पाळण्याऐवजी जोधपूरच्या विजयसिंहाशी सूत जमवले, आणि राठोडांची घोडदळे जयपूरच्या मदतीला येऊ लागली. १७८७ च्या उन्हाळ्यात महादजी पुन्हा फौज घेऊन निघाले. या वेळी ती वसुलीची मोहीम राहिली नव्हती, सरळ लढाई होती.

छावणी लालसोटच्या परिसरात पडली. हे ठिकाण जयपूरच्या आग्नेयेस आहे. धान्य महाग झाले, वैरण मिळेना, शिपायांचे पगार तर कित्येक महिने थकलेले. लढाईच्या आधीच मुहम्मद बेग हमदानी हा नामांकित मोगल सरदार आपली फौज घेऊन जयपूरकरांना जाऊन मिळाला. त्याचा पुतण्या इस्माईल बेग हा त्याच्याहून तडफदार. तोही तिकडे गेला. अशा स्थितीत परत फिरावे असे कोणालाही वाटले असते. महादजी थांबले. येथे त्यांचा अंदाज चुकला असे माझे मत आहे. आपण थांबलो तर शत्रूच आधी थकेल, असे त्यांना वाटले असावे. पण उपाशी शिपायाला थांबायला सांगणे कठीण असते.

२८ जुलै १७८७ रोजी तुंगा या गावाजवळ लढाई झाली. राठोडांचे घोडदळ महादजींच्या फळीवर तुटून पडले. द ब्वान्यच्या पलटणींनी चौकोन धरून त्यांना बंदुकांच्या माऱ्याने थोपवले. मुहम्मद बेग हमदानी तोफेचा गोळा लागून ठार झाला. रात्र झाली तेव्हा कोणाचाच निकाल लागला नव्हता, आणि उद्याचा दिवस महादजींचा ठरण्याची शक्यताही होती. परंतु उद्या उजाडलाच नाही म्हणावे लागते. दोन-तीन दिवसांत बादशाही पलटणी थकलेल्या पगाराची सबब सांगून तोफांसह उठल्या आणि शत्रूकडे चालत्या झाल्या. रणांगणावर हरला नव्हता असा सेनापती आपल्याच छावणीत हरला.

आमच्या गावच्या कँप भागात गोल्फचे एक मैदान आहे. त्या खेळातले मला फारसे कळत नाही. पण कुंपणाबाहेर उभे राहून मी तो पाहिला आहे. एकूण अठरा भोके असतात आणि चेंडू कमीत कमी फटक्यांत एकेका भोकात घालायचा असतो. एक वयस्क लष्करी गृहस्थ पहिली नऊ भोके असे खेळले की बरोबरचे टाळ्या वाजवू लागले. दहाव्याला चेंडू झाडीत गेला, अकराव्याला पाण्यात, आणि पुढे प्रत्येक फटका वाकडा. मला वाटले, ते आता घरी जातील. पण ते गेले नाहीत. प्रत्येक फटका मोजून कागदावर लिहीत, उन्हात, अठराव्या भोकापर्यंत चालत गेले. त्या खेळात पट उधळून देण्याची सोय नसावी. लालसोटनंतरचे महादजी मला त्या गृहस्थांसारखे वाटतात.

१ ऑगस्टला माघार सुरू झाली. आता पानिपताशी ताडून पाहा. पानिपतावर फळी फुटली त्याक्षणी सेनापती कोठे आहे हे कोणाला कळत नव्हते, आणि पळणाऱ्यांबरोबर बायका, मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे यांची चेंगराचेंगर झाली. लालसोटला सेनापती स्वतः मध्ये होता. जड सामान जाळले. तोफखाना मधे घेतला, द ब्वान्यच्या पलटणी पिछाडीला चंदावल म्हणून ठेवल्या. इस्माईल बेग घोडदळ घेऊन मागे लागला होता. चंदावल वळून लढे, पुन्हा चाले. अशा रीतीने महादजी अलवारच्या मुलखात पोचले. तेथील राव राजाने त्यांना आसरा दिला. कुटुंबकबिला त्यांनी चंबळेपार ग्वाल्हेरकडे रवाना केला. पळताना माणूस आधी स्वतः पळतो. महादजींनी आधी ज्यांना लढता येत नाही त्यांना पाठवले. पानिपतावर त्यांनी काय पाहिले होते, हे यावरून समजते.

तरीही सैल सुटलेला दोरा हातातून जातच राहिला. नजीबखान रोहिल्याचा नातू गुलाम कादिर अलीगड घेऊन बसला आणि दिल्लीत जाऊन बादशहाकडून जबरीने मीर बक्षीचे पद काढून घेऊन आला. इस्माईल बेगाने आग्र्याला वेढा घातला. १७८७ च्या अखेरीस महादजी चंबळ ओलांडून ग्वाल्हेरच्या आश्रयाला आले. तीन वर्षांपूर्वी बादशाहीचा मुखत्यार झालेल्या माणसाकडे यमुनेकाठचे म्हणावे असे आग्र्याचा किल्ला एवढेच उरले, आणि तोही वेढ्यात.

आपल्या भागातल्या वाचकांनी येथे थोडे थांबावे. आग्र्याचा तो किल्ला लखबादादा लाड यांनी लढवला. महादजींच्या मुत्सद्द्यांत आणि सेनापतींत सारस्वत मंडळी बरीच होती. लखबादादा त्यांतले, आणि जिवबादादा बक्षीही त्यांतलेच. जिवबादादा हे केरकर. गोव्याच्या पेडणे महालातील केरी हे त्यांचे मूळ गाव. सावंतवाडी-पेडण्याकडचा माणूस आग्रा-दिल्लीच्या राजकारणात घोड्यावर बसून फिरत होता, हे आपल्या पोरांना सांगितले तर त्यांना ती कादंबरी वाटते. लखबादादांनी वेढ्यात महिनोन् महिने काढले. रसद तुटलेली, धनी चंबळेपलीकडे, आणि पगार देण्याचे नाव नाही. लालसोटला पगारासाठी पलटणी उठून गेल्या. आग्र्याला पगाराशिवाय माणसे तटावर उभी राहिली. हा फरक कशाने पडला असेल? काही माणसे नोकरीला होती आणि काही महादजींची होती, एवढेच उत्तर मला सुचते. किल्ला पडला नाही.

ग्वाल्हेरच्या बाजूला असलेले ते महिने महादजींनी कसे काढले, याविषयी बखरींत फारसा गाजावाजा नाही, कारण त्या काळात गाजावाजा करण्यासारखे काही घडलेच नाही. विखुरलेली माणसे गोळा करणे, जाट सरदारांना राजी राखणे, पुण्याला मदतीसाठी पत्रे पाठवणे, हेच चालले होते. पाठीमागे गड होता आणि पुढे चंबळेचे कोरडे दरेखोरे. शत्रूला सहजी आत येता येत नव्हते. नानांनी अली बहादर आणि तुकोजी होळकर यांना उत्तरेकडे धाडले खरे, पण ती कुमक आली ती उशिरा, आणि आल्यावर मदतीपेक्षा वाटणीची भाषा अधिक झाली. पुण्याची कुमक येईपर्यंत महादजी थांबले असते तर आग्राही गेले असते.

१७८८ च्या एप्रिलात भरतपूरजवळ चकसाना येथे राणेखान आणि द ब्वान्य यांची इस्माईल बेग व गुलाम कादिर यांच्याशी गाठ पडली. तेथेही यश आले नाही. पण आता माघारीने कोणी गडबडत नव्हते. जूनच्या मध्यावर आग्र्याजवळ पुन्हा लढाई झाली. गुलाम कादिर आपला मुलूख सांभाळायला निघून गेला होता. इस्माईल बेगाचा पुरता मोड झाला आणि तो यमुनेत घोडा घालून पलीकडे पळाला. आग्र्याचा वेढा उठला. त्या दिवशी फौजेच्या अग्रभागी राणेखान होता. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्याने बैलावर घालून धन्याला उत्तरेतून बाहेर काढले, त्यानेच त्याला उत्तरेत परत नेले. हा योगायोग कादंबरीत घातला तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत.

येथे हकीगत संपवता आली असती तर बरे झाले असते. पण आग्र्याहून पळालेला इस्माईल बेग गुलाम कादिराला जाऊन मिळाला आणि १८ जुलै १७८८ रोजी दोघे दिल्लीत शिरले. पुढचे अडीच महिने लाल किल्ल्यात जे घडले ते लिहिताना हात अडखळतो. लपवलेला खजिना दाखवा म्हणून शहाजादे आणि बेगमा यांचे हाल केले गेले, अन्नपाणी तोडले, म्हाताऱ्या बादशहाला गादीवरून काढले. १० ऑगस्ट १७८८ रोजी गुलाम कादिराने शाह आलमचे डोळे काढवले. त्याच्या बापाचा पथ्थरगड १७७२ मध्ये मराठ्यांनी बादशहाच्या नावाने लुटला होता, त्याचा हा सूड असे म्हणतात. सूड मराठ्यांवर उगवायचा होता, तर सापडला तो म्हातारा. आंधळ्या बादशहाने आपल्या दुर्दैवावर एक फारसी कविता रचली आणि तीत महादजींना आपला पुत्र म्हटले.

त्या वेळी महादजी मथुरेला होते. मथुरा ते दिल्ली हे अंतर घोडदळाला काही दिवसांचे. मग ते वेळेवर का गेले नाहीत? हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे, आणि विद्यार्थ्यांपुढे मी तो टाळत नाही. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पावसाळा होता. फौज दमलेली, पगार अजूनही थकलेलाच. अर्धवट फौज घेऊन दिल्लीत शिरावे आणि तेथे दुसरे लालसोट व्हावे, हे भय खोटे नव्हते. वर्षभरापूर्वी न थांबता परतायला हवे होते तेव्हा ते थांबले होते, आणि त्याचे चटके ताजे होते. पण एवढे सगळे जमेस धरूनही मला वाटते की त्यांनी जोखीम घ्यायला हवी होती. ज्याच्या नावाने आपण राज्य चालवतो तो कैदेत उपाशी असताना पगाराचा हिशेब पुरा होण्याची वाट पाहणे हे शहाणपण असेल. पण त्या शहाणपणाची किंमत महादजींनी दिली नाही, शाह आलमने दिली. लालसोटला मोडलेल्या डावाचा हिशेब शेवटी चुकता झाला तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी. महादजींचे चाहते या ठिकाणी माझ्याशी भांडतात, त्यांनी खुशाल भांडावे.

सप्टेंबरात राणेखान आणि जिवबादादा दिल्लीकडे निघाले. इस्माईल बेग गुलाम कादिराला सोडून मराठ्यांच्या बाजूला आला. ऑक्टोबरात लाल किल्ला मोकळा झाला आणि आंधळा शाह आलम पुन्हा तख्तावर बसला. गुलाम कादिर मेरठच्या बाजूला वेढला गेला, डिसेंबरात पळताना सापडला आणि १७८९ च्या मार्चमध्ये मथुरेजवळ हालहाल करून मारला गेला. त्यातले तपशील मी देत नाही. एका क्रौर्याची दुसऱ्याने फेड झाली म्हणून पहिले नाहीसे झाले नाही.

राहिले राजपूत. महादजींनी घाई केली नाही. आधी द ब्वान्यकडून कवायती पायदळाचा एक संपूर्ण कंपूच उभा करून घेतला, आणि त्या शिपायांच्या पगारासाठी स्वतंत्र मुलूख तोडून दिला. पगार वेळच्या वेळी! लालसोटला जे शिकले ते येथे दिसते. या दोन ओळी इतिहासाच्या पुस्तकांत तळटिपेत असतात. माझ्या मते त्या मथळ्यात असायला हव्यात. २० जून १७९० रोजी पाटणला आणि १० सप्टेंबर १७९० रोजी मेडत्याला राजपुतांचा पराभव झाला. मेडत्याला राठोडांनी केलेला शेवटचा हल्ला असा होता की त्यांच्या शत्रूनेही मान खाली घालावी. घोड्यांवरचे ते केशरी वस्त्रांतले स्वार तोफांच्या तोंडावर आले आणि परत गेले नाहीत. जयपूर आणि जोधपूर दोघांनीही मग खंडणी कबूल केली.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्याला आले. वकील-इ-मुतलकीची बादशाही वस्त्रे त्यांनी सवाई माधवरावांना समारंभाने अर्पण केली. त्या प्रसंगी ते सरदारांच्या रांगेत खाली बसले, आपण मूळचे पाटील म्हणून पेशव्यांचे जोडे स्वतः पुढे ठेवले, असे सांगतात. पुण्याच्या मुत्सद्द्यांना तो ढोंगीपणा वाटला. मला तसे वाटत नाही. पण अगदी साधेपणाही वाटत नाही. ज्या माणसाला जन्मावरून हिणवले गेले, तो मोठा झाल्यावर आपला लहानपणा स्वतःच्या हाताने पुढे ठेवतो, तेव्हा त्यात अभिमान आणि नम्रता यांची जी सरमिसळ असते ती वेगळी करता येत नाही. कृष्णभक्तीची पदे रचणारे, मथुरा-वृंदावनाच्या क्षेत्रांसाठी बादशहाकडून फर्माने मिळवणारे महादजी बीडच्या मन्सूर शाह या फकिराचे शिष्य होते, हेही येथेच सांगून टाकतो.

नानांचे आणि त्यांचे पुरते मन जुळले नाही. उत्तरेत १७९३ साली लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला ज्वराने महादजींचा अंत झाला. तेथे त्यांची छत्री आहे. पुण्याला शिकायला गेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी ती जरूर पाहावी. रविवारी गर्दी नसते.

पुत्र नव्हता, म्हणून भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला. तो पंधरा वर्षांचा होता. त्याने १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा तळ दिला, आणि त्या तळाचे नाव आजही लष्कर असेच आहे. पण त्याच्या आधीच, १८०३ च्या सप्टेंबरात, दिल्लीजवळ आणि असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी इंग्रजांकडून हरल्या. पलटणींचे कित्येक युरोपीय अंमलदार ऐन वेळी सोडून गेले होते. लालसोटचीच गोष्ट, पण या वेळी मागे राहून उरलेला डाव खेळणारा कोणी नव्हता.

जनरल लेक दिल्लीत शिरला तेव्हा लाल किल्ल्यात एका फाटक्या छताखाली शाह आलम त्याची वाट पाहत बसला होता. वय पंचाहत्तर. महादजी जाऊन नऊ वर्षे झाली होती. आता कोणाच्या संरक्षणाखाली जायचे एवढेच त्याला ऐकायचे होते. आलेल्या साहेबाचे तोंड काही त्याला दिसणार नव्हते.